विश्लेषण : दोन गटांतला वाद आवरणारा वजीर त्याच वादाचा बळी कसा ठरला?

एकाच ठिकाणी काम करणाऱ्यांत जुने-नवे, स्थानिक-बाहेरचे असे गट पडले की कामापेक्षा कुरघोडीला जास्त वेळ जातो. १५व्या शतकात बहमनी दरबारात हेच घडत होते. दाभोळ बंदरात उतरलेल्या महमूद गावान या इराणी व्यापाऱ्याने वजीर झाल्यावर त्यावर उपाय शोधला. तो बराच काळ चाललाही. पण १४८१ मध्ये एका खोट्या पत्राने गावानचा जीव घेतला.

गावान दाभोळला कसा पोहोचला?

गावानचा जन्म १४११च्या सुमारास इराणमधील गिलान प्रांतात झाला. घराण्याचे तिथल्या दरबारात वजन होते, पण दरबारी वैरामुळे त्याला देश सोडावा लागला. व्यापार करत १४५३ मध्ये तो दाभोळला उतरला. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ तेव्हा बहमनी राज्याचे मोठे बंदर होते. रशियन प्रवासी अफनासी निकितिन यानेही नंतर परतीचे जहाज येथूनच पकडले. दाभोळहून गावान राजधानी बिदरला गेला आणि सुलतान अलाउद्दीन अहमदशहाच्या चाकरीत शिरला.

दरबारातले दोन गट कोणते?

एक गट दख्खनींचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या सरदारांचा. हबशी सरदार बहुधा त्यांच्या बाजूने असत. दुसरा आफाकींचा, म्हणजे समुद्रमार्गे नव्याने आलेल्या इराणी, तुर्क आणि अरबांचा. नवख्यांना मोठी पदे मिळतात, हे दख्खनींचे दुखणे होते. गावान येण्याच्या थोडीच वर्षे आधी कोकणच्या मोहिमेत बहमनी फौजेचा धुव्वा उडाला. वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात आले. ते फितूर आहेत, असे दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवले. शहानिशा न होताच त्यांची कत्तल झाली.

गावानने काय बदलले?

हुमायूनशहाच्या काळात तो वर चढला. पुढे तिसऱ्या महंमदशहाच्या कारकिर्दीत राज्याची सूत्रे त्याच्याकडे आली. १४७२ मध्ये त्याने गोवा जिंकले. मात्र त्याचे खरे काम कारभारातले. तो स्वतः आफाकी होता, तरी त्याने मोठी पदे दोन्ही गटांत वाटली. राज्याच्या चार सुभ्यांचे आठ केले. दौलताबादला आफाकी यूसुफ आदिलखान, गाविलगडला दख्खनी फतेउल्ला इमाद-उल-मुल्क, राजमहेंद्रीला दख्खनी मलिक हसन अशा नेमणुका झाल्या. सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे थेट सुलतानाच्या अखत्यारीत घेतले. जमिनीची मोजणी सुरू झाली. सुभेदाराने ठरल्यापेक्षा कमी सैनिक ठेवले, तर तेवढी रक्कम कापली जाऊ लागली.

मग नाराजी कशाची?

पदे समान वाटली गेली, पण प्रत्येकाचा अधिकार आणि वरकमाई घटली. तेलंगणाचे दोन भाग झाल्याने मलिक हसन दुखावला. त्यात बिजापूरचा सुभा गावानच्या स्वतःच्या हाती होता. नियम करणारा एका गटातला आणि सर्वांत बलवान, हे विरोधकांच्या डोळ्यांत खुपत राहिले.

खोट्या पत्राचा डाव काय होता?

इतिहासकार फरिश्ताच्या वृत्तांतानुसार, गावानची मोहर सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजून कोऱ्या कागदावर मोहर उठवून घेण्यात आली. त्यावर ओडिशाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारा मजकूर लिहिला गेला. गावानचा पाठीराखा यूसुफ आदिलखान मोहिमेवर दूर असताना ते पत्र सुलतानापुढे ठेवले गेले. हितचिंतकांनी गावानला निघून जाण्याचा सल्ला दिला, तो त्याने मानला नाही. मोहर आपली आहे, पण पत्र आपले नाही, असे त्याने सांगितले. नशेत असलेल्या सुलतानाने चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत सत्तरीतल्या वजिराचा शिरच्छेद झाला.

पुढे काय झाले?

गावानच्या घरी फारसे धन सापडले नाही. आपली कमाई तो दानधर्मावर खर्च करत असे. बिदरमध्ये त्याने बांधलेल्या मदरशाचे अवशेष आजही उभे आहेत. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण मोठे सरदार त्याच्या छावणीपासून अंतर राखू लागले. वर्षभरात सुलतानही वारला. मलिक हसन वजीर झाला आणि पुढे तोही मारला गेला. त्याच्या मुलाने अहमदनगरची निजामशाही स्थापली. बिजापूर, वऱ्हाड, गोवळकोंडा आणि बिदर येथेही वेगळ्या शाह्या उभ्या राहिल्या.

यातून काय दिसते?

गावानने पदांची आणि पैशांची वाटणी नियमात बसवली. तक्रारीची तपासणी मात्र सुलतानाच्या मर्जीवरच राहिली. चाकणला जे झाले, तेच कोंडापल्लीला झाले. एका बाजूचे ऐकून निकाल लागला. गटांत समतोल राखायचा तर नेमणुकांइतकीच दुसरी बाजू ऐकण्याची ठरलेली पद्धतही लागते. ती नसेल तर सर्वांत चांगला कारभारीही एका कागदाच्या तुकड्याने संपतो.