जॉर्ज सायमन ओहम
जॉर्ज सायमन ओहम (१६ मार्च १७८९, एर्लांगेन – ६ जुलै १८५४, म्युनिक) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होते. कुलपे बनवणाऱ्या कारागिराचे हे पुत्र १८१७ पासून कलोन येथे शालेय शिक्षक होते. व्होल्टा घटमालेचे विभवांतर अस्थिर असल्याने त्यांच्या प्रयोगातील मापने बिघडत. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ व तांबे यांचे तपयुग्म वापरले. स्रोत स्थिर होताच विद्युतधारा, विभवांतर व रोध यांचा संबंध स्पष्ट झाला. १८२७ मधील त्यांच्या ग्रंथाची प्रारंभी उपेक्षा झाली व त्यांनी कलोनची नोकरी सोडली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. रोधाच्या एककास त्यांचे नाव आहे. रेडिओ-नियंत्रित खेळण्यातील गाडीची मोटर सुरू होताना अधिक धारा वाहून बॅटरीचे विभवांतर अंतर्गत रोधामुळे घटते, हेही ओहमच्या नियमाने स्पष्ट होते.