निशाणासाठी सोडलेले सिंहासन

सिंहासनासाठी प्राण वेचणारे राजपुरुष इतिहासात पुष्कळ आढळतात. चालून आलेले सिंहासन एका निशाणापायी दुरावू देणारा शांबोरचा काउंट आंरी मात्र विरळाच.

आंरीचा जन्म २९ सप्टेंबर १८२० रोजी पॅरिस येथे झाला. पिता बेरीचा ड्यूक त्यापूर्वीच मारेकऱ्याच्या हल्ल्यात बळी पडला होता. साहजिकच बूर्बाँ घराण्याच्या ज्येष्ठ शाखेचा वंशदीप म्हणून या बालकाकडे पाहिले गेले. १८३० च्या जुलै क्रांतीत आजोबा दहावा चार्ल्स याने नातवासाठी राज्यत्याग केला. परंतु गादी गेली ती ऑर्लेआँ शाखेच्या लुई फिलिपकडे. आंरीच्या वाट्याला आजन्म वनवास आला. स्कॉटलंड, प्राग अशी वस्ती बदलत तो अखेर ऑस्ट्रियातील फ्रोसडोर्फ येथे स्थिरावला.

१८७० मध्ये प्रशियाशी झालेल्या युद्धात तिसऱ्या नेपोलियनचे साम्राज्य कोसळले. फेब्रुवारी १८७१ च्या निवडणुकीत राजसत्तेच्या पुरस्कर्त्यांना बहुमत लाभले. ५ ऑगस्ट १८७३ रोजी लुई फिलिपचा नातू पॅरिसचा काउंट फ्रोसडोर्फला गेला व त्याने आंरीचे ज्येष्ठत्व मान्य केले. आंरी निपुत्रिक असल्याने दोन्ही शाखांचा वारसाही जुळत होता. अडसर उरला तो निशाणाचा. क्रांतीचा तिरंगा त्याला अमान्य होता. पूर्वजांचे पांढरे निशाणच त्याला हवे होते. ऑक्टोबरअखेर प्रसिद्ध झालेल्या पत्रात त्याने तडजोड नाकारली आणि पुनःस्थापनेची आशा मावळली. नोव्हेंबरात तो गुप्तपणे व्हर्सायला आला. पण अध्यक्ष मार्शल मॅकमहॉन याने भेट नाकारली. २० नोव्हेंबरला मॅकमहॉनला सात वर्षांची मुदत मिळाली. ३० जानेवारी १८७५ रोजी प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाच्या निवडीची तरतूद ३५३ विरुद्ध ३५२, अशा एका मताने संमत झाली. २४ ऑगस्ट १८८३ रोजी फ्रोसडोर्फ येथे आंरीचे निधन झाले.

त्याचा हा केवळ हट्ट होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आजोबांचे थोरले बंधू सोळावा लुई यांचा वध ज्या क्रांतीने केला, तिचे चिन्ह त्याला शिरोधार्य कसे वाटावे? शिवाय अटी मान्य करून आलेला राजा दुबळाच ठरेल, अशी त्याची धारणा होती. परंतु त्याच तिरंग्याखाली फ्रान्सच्या पिढ्या लढल्या आणि धारातीर्थी पडल्या होत्या. चार दशकांच्या वनवासात त्याने पूर्वजांची स्मृती निष्ठेने जपली. प्रजेच्या स्मृतीत मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही.