पंडित नेहेम्या गोऱ्हे : शंका घेऊन प्रभूकडे आलेला मनुष्य

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत काम करणाऱ्या आमच्या कित्येक उपदेशक बंधूंच्या मनात एक काटा सलत असतो. लोकांस ते विश्वासाचा बोध करितात, परंतु एकांती त्यांचेच मन विचारते की, हे सर्व खरे कशावरून? मग असा प्रश्न उठणे हेच पाप, असे समजून ते तो दडपून टाकितात. अशा बंधूंकरिता आम्ही आज एका थोर पुरुषाचे चरित्र थोडक्यात सांगतो.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म सन १८२५ मध्ये झाशीजवळ काशीपुरा या गावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. ते काशीस वाढले व तेथेच त्यांनी संस्कृत शास्त्रांचे अध्ययन केले. त्या नगरात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ हे मिशनरी उपदेश करीत. तरुण शास्त्रीबोवा त्यांजकडे गेले ते शिकावयास नव्हे, तर त्यांस निरुत्तर करावयास. जॉन म्यूर यांनी मतपरीक्षा नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माचे मंडन केले होते. त्यावर सन १८४४-४५ च्या सुमारास शास्त्रीबोवांनी शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ रचिला. त्यांतील आक्षेप पोरकट नव्हते. देव न्यायी व दयाळू आहे, तर तान्ह्या बालकांस व मुक्या जनावरांस दुःख का? ज्यांच्या कानी शुभवर्तमान कधी पडलेच नाही, त्यांची गत काय? हे प्रश्न आजही आमच्या गावच्या पारावर विचारिले जातात.

स्मिथसाहेबांनी या तरुणास हाकून दिले नाही. त्यांनी धीर धरिला व पवित्र शास्त्र त्याच्या हाती दिले. दोष काढण्याकरिता वाचावयास घेतलेल्या त्या पुस्तकात डोंगरावरील प्रवचन वाचून शास्त्रीबोवांचे मन हालले. पुष्कळ झगडल्यावर सन १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. घरदार व मानमरातब यांची किंमत त्यांस मोजावी लागली.

येथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल की, आता सर्व शंका मिटल्या. परंतु वाचकहो, तसे झाले नाही. बाप्तिस्म्यानंतरही त्यांचे मन त्यांस वारंवार गांजीत असे. पापी जनांस होणाऱ्या सार्वकालिक शिक्षेचा विचार तर त्यांस फारच दुःसह वाटे. त्यांची बुद्धी शास्त्र्याची होती. प्रत्येक विधानास ती प्रमाण मागे. तिला त्यांनी बेडी घातली नाही व तिच्या भीतीने प्रभूसही सोडिले नाही. सन १८६० मध्ये त्यांनी षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध करून सहा दर्शनांची बारीक परीक्षा केली. सन १८७० मध्ये त्यांस पूर्ण धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. मंडळीच्या विधींविषयी त्यांची काही मते आम्हां सर्वांस पटणार नाहीत. तथापि त्यांचा साधेपणा व प्रामाणिकपणा यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

त्यांच्या शंकांचे फळ काय झाले ते पाहा. पंडिता रमाबाई सत्य शोधीत असता, त्यांच्या बुद्धीचे समाधान करण्यास गोऱ्ह्यांचे लेखन मोठे साहाय्यभूत झाले, आणि सन १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाईंचा बाप्तिस्मा झाला. ज्याने स्वतः अंधारात वाट चाचपली, तोच दुसऱ्यास दिवा दाखवू शकला. सन १८९५ मध्ये मुंबईस पंडित गोऱ्हे प्रभूत निद्रित झाले.

बंधूंनो, यावरून आम्ही दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही की, प्रमाण मागणे म्हणजे देवाचा अपमान नव्हे. थोमाने खुणा पाहिल्यावाचून मानावयाचे नाही असे ठरविले, तरी प्रभूने त्याला आपले हात दाखविले. आणि लक्षात ठेवा, शंका असताही थोमा त्या आठवड्यात शिष्यांची संगत सोडून गेला नव्हता. दुसरी गोष्ट ही की, पुरावा मनुष्यास दारापर्यंत आणितो. उंबरठा ओलांडण्यास विश्वासाचे पाऊल स्वतःच टाकावे लागते. गोऱ्ह्यांची प्रत्येक शंका फिटली नाही, तरी जितका उजेड मिळाला तितक्यात ते चालले.

म्हणून तुमच्या गावी ज्याचे मूल दगावले आहे असा कोणी बाप देवाच्या न्यायाविषयी विचारू लागला, तर त्याला अविश्वासी म्हणून झिडकारू नका व पाठ केलेले उत्तरही त्याच्या तोंडावर फेकू नका. त्याच्या ओटीवर बसा, त्याचे ऐकून घ्या, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगा, आणि त्याच्यासह प्रार्थना करा. काशीतील एका मिशनऱ्याने इतकाच धीर धरिला होता. त्याचे पीक आपण अद्यापि खात आहो.