गणितानंद कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. गणिती कोड्यांचा छंद त्यांना बालपणीच जडला. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक लाभले. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळाली येथे शाळेत अध्यापन केले.

पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाचे संशोधन अनेक विद्वानांनी क्षुल्लक मानले. तथापि त्यांचे अंकव्रत ढळले नाही. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल मांडले. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान संख्या वजा करावी, आलेल्या उत्तरावर शून्यासह चार अंक धरून हीच कृती करावी. ३५२४ पासून ३०८७, ८३५२ आणि अखेर ६१७४ येते. सातांहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. शिरगावच्या शाळेतील विद्यार्थ्यालाही हे पाटीवर पडताळता येते. मात्र असे का घडते, हा प्रश्न स्पर्धा-परीक्षेतील हुशार मुलांचाही कस पाहतो.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे त्यांची कीर्ती जगभर पसरली. १९८६ साली ते निवर्तले. जिज्ञासेला पदवीची अट नसते, हे त्यांच्या जीवनाने सिद्ध केले.