हरलेल्या खटल्यांचा वकील

न्यायासाठी झटूनही पदरी पराभव आला, तर आपले श्रम वाया गेले असे आपल्याला वाटते. अमेरिकेचे सरन्यायाधीश सॅल्मन पी. चेस यांचे चरित्र अशा वेळी आठवावे.

१८०८ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील कॉर्निश गावी त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. काही काळ त्यांचा सांभाळ काका फिलँडर चेस यांनी केला. हे काका ओहायोचे बिशप होते. प्रार्थना व शास्त्रवाचन यांचा नेम चेस यांनी पुढे जन्मभर पाळला.

सिनसिनाटी येथे ते वकिली करू लागले. तेथे १८३७ मध्ये धन्यापासून पळालेल्या मटिल्डा नावाच्या दासीची बाजू त्यांनी मांडली. गुलामगिरी केवळ स्थानिक कायद्याच्या आधारे टिकते. मुक्त राज्याच्या भूमीवर तिला थारा नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने मटिल्डाला धन्याच्या स्वाधीन केले. फरारी गुलामांना साहाय्य करणाऱ्या जॉन व्हॅन झँट यांचा खटला त्यांनी सर्वोच्च न्यायालयात लढवला. १८४७ मध्ये तोही हरला. याच काळापासून घरावरही आघात होत होते. तीन पत्नी आणि सहापैकी चार कन्या त्यांना अंतरल्या. तरी त्यांनी हा लढा सोडला नाही. हरलेला तो युक्तिवाद गुलामगिरीविरोधी पक्षांच्या जाहीरनाम्यांत उतरला.

१८६१ मध्ये ते लिंकन यांचे अर्थमंत्री झाले. देवावरील भरवसा व्यक्त करणारे शब्द अमेरिकन नाण्यावर प्रथम आले, ते त्यांच्याच कारकिर्दीत, १८६४ साली.

चेस निर्दोष मात्र नव्हते. राष्ट्राध्यक्षपदाची लालसा त्यांना कधी सुटली नाही. मंत्रिमंडळात राहूनही त्यांनी लिंकन यांच्याविरुद्ध उमेदवारीची खटपट केली. पुढे न्यायासनावर बसल्यावरही, १८६८ मध्ये, तो मोह आवरला नाही. लिंकन यांनी मात्र मनात अढी न धरता डिसेंबर १८६४ मध्ये त्यांना सरन्यायाधीश नेमले. कृष्णवर्णीय माणूस नागरिक होऊ शकत नाही, असा निर्णय १८५७ मध्ये देणाऱ्या रॉजर टॅनी यांची ती जागा होती. त्यानंतर दोनच महिन्यांत, १ फेब्रुवारी १८६५ रोजी, जॉन रॉक या कृष्णवर्णीय वकिलाला त्याच न्यायालयात वकिलीचा अधिकार मिळाला. १८७३ मध्ये मायरा ब्रॅडवेल या स्त्रीला वकिलीचा हक्क नाकारला गेला, तेव्हा मतभेद नोंदवणारे चेस एकटेच होते. काही आठवड्यांतच, ७ मे रोजी, त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, ज्या पदाची त्यांनी हाव धरली ते त्यांना लाभले नाही. ज्या दीनांसाठी ते हरले, त्यांच्यामुळेच त्यांचे नाव उरले. आज आपण कशासाठी झटत आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.