सी.के. नायडू

कर्नल कोट्टारी कनकैया नायडू (३१ ऑक्टोबर, इ.स. १८९५ : नागपूर – १४ नोव्हेंबर, इ.स. १९६७ : इंदूर) हे भारतीय क्रिकेटपटू आणि भारताच्या कसोटी संघाचे पहिले कर्णधार होते. उजव्या हाताचे आक्रमक फलंदाज, उपयुक्त गोलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षक असलेल्या नायडूंना क्रिकेटरसिक सी.के. या आद्याक्षरांनीच ओळखत. भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा त्यांचे वय ३६ वर्षे होते. त्यामुळे त्यांच्या नावावर केवळ ७ कसोटी सामने आहेत आणि त्यांतील ३५० धावांवरून त्यांच्या योग्यतेची कल्पना येत नाही.

प्रारंभिक जीवन

नायडूंचे घराणे मूळचे तेलुगू भाषक; ते नागपुरात स्थायिक झालेले होते. आजोबा नागपुरातील प्रतिष्ठित वकील व जमीनदार होते, तर वडील सूर्यप्रकाश राव यांचे शिक्षण केंब्रिज येथे झाले होते. कनकैया यांचे शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप संस्थेत झाले आणि तेथेच त्यांचा खेळ नावारूपाला आला. धाकटे बंधू सी.एस. नायडू हेही पुढे भारताकडून कसोटी सामने खेळले.

इ.स. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. नवव्या क्रमांकावर आलेल्या या तरुणाने आपल्या पहिल्या धावा षटकाराने काढल्या. इ.स. १९२३ मध्ये होळकर संस्थानाच्या अधिपतींनी त्यांना इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात अधिकारपद दिले. वेतन देऊन खेळाडूंना पोसणारी व्यवस्था त्या काळी देशात अन्यत्र नव्हती. संस्थानिकांचा आश्रय हाच चांगल्या खेळाडूचा आधार होता. पुढे याच संस्थानिकांच्या हौसेची झळही नायडूंना सोसावी लागली.

जिमखान्यावरील १५३ धावा

आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १ डिसेंबर, इ.स. १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना नायडूंनी दोन तासांहून कमी वेळात १५३ धावा केल्या. त्यात १३ चौकार आणि ११ षटकार होते. एका डावातील षटकारांचा तो तत्कालीन विक्रम होता. भारतीय संघ कसोटी खेळण्याच्या योग्यतेचे आहेत, असा विश्वास गिलिगन यांना वाटू लागला तो याच दौऱ्यात. या खेळीच्या जोडीला पुण्याच्या दि.ब. देवधर यांनी याच पाहुण्यांविरुद्ध केलेल्या १४८ धावांचाही त्यात वाटा होता. इ.स. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

कसोटी कारकीर्द

इ.स. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे आणि उपकर्णधारपद लिंबडीच्या राजघराण्यातील घनश्यामसिंहजी यांच्याकडे होते. खेळाच्या बळावर अग्रक्रम ज्याचा, त्या नायडूंचे नाव या क्रमात नव्हते. मात्र पोरबंदरचे महाराज आपल्या मर्यादा ओळखून स्वतःहून बाजूला झाले आणि घनश्यामसिंहजी पाठीच्या दुखण्यामुळे खेळू शकले नाहीत. संघातील काही खेळाडूंचा विरोध असतानाही २५ जून, इ.स. १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नायडूंनी नेतृत्व केले. महंमद निसार यांच्या भेदक माऱ्यामुळे इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी झाली होती. झेल घेण्याच्या प्रयत्नात हाताला दुखापत होऊनही नायडूंनी पहिल्या डावात ४० धावा केल्या. त्या डावातील भारतातर्फे त्याच सर्वाधिक होत्या. भारत १५८ धावांनी पराभूत झाला. या दौऱ्यात त्यांनी लॉर्ड्सवर एम.सी.सी.विरुद्ध नाबाद ११८ आणि वॉरविकशायरविरुद्ध १६२ धावा काढल्या. वॉरविकशायरविरुद्धच्या खेळीतील एक षटकार नदीपलीकडे, म्हणजे शेजारच्या वूस्टरशायर परगण्यात गेल्याची कथा प्रसिद्ध आहे. इ.स. १९३३ मध्ये विस्डेनने त्यांची वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये निवड केली.

इ.स. १९३३-३४ च्या मायदेशातील मालिकेतही तेच कर्णधार होते. बॉम्बे जिमखान्यावरील पहिल्या कसोटीत लाला अमरनाथ यांच्यासह त्यांनी तिसऱ्या गड्यासाठी १८६ धावांची भागीदारी केली.

इ.स. १९३६ मध्ये मात्र कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले आणि नायडूंना त्यांच्या हाताखाली खेळावे लागले. हा दौरा संघातील फुटीमुळेच अधिक लक्षात राहिला. एका खेळाडूला नायडूंचा जाहीर अपमान केल्याबद्दल बक्षीस म्हणून कसोटीत स्थान मिळाले, असेही सांगितले जाते. ओव्हल मैदानावरील अखेरच्या कसोटीत गबी ॲलन यांचा चेंडू शरीरावर आदळूनही नायडूंनी ८१ धावा केल्या. ती त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या ठरली आणि त्यानंतर त्यांना कसोटी खेळण्याची संधी मिळाली नाही.

होळकर संघ

बहुतेक खेळाडू निवृत्त होतात त्या वयात नायडूंच्या कारकिर्दीचे दुसरे पर्व सुरू झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने ९ वर्षांत ८ वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली आणि इ.स. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ मध्ये करंडक जिंकला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड असे खेळाडू या संघात होते. शिस्तीच्या बाबतीत नायडू अत्यंत कठोर होते. इ.स. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या डावात सहा फलंदाजांनी शतके काढली आणि त्यांपैकी एक पन्नाशीतील कर्णधार नायडू होते. त्याच हंगामात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा केल्या.

इ.स. १९५१-५२ मध्ये मुंबईविरुद्ध दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले. खेळपट्टीवरील दात बाजूला सारून त्यांनी फलंदाजी पुढे चालू ठेवली. त्यानंतर ते इ.स. १९५६-५७ मध्ये उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. त्या वेळी ते ६१ वर्षांचे होते. त्यांचा अखेरचा प्रथम श्रेणी सामना इ.स. १९६३-६४ मधला होता. प्रथम श्रेणीच्या २०७ सामन्यांत त्यांनी २६ शतकांसह ११,८२५ धावा केल्या आणि ४११ बळी घेतले.

सन्मान

इ.स. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ते निवड समितीचे अध्यक्षही होते. त्यांची कन्या चंद्रा नायडू यांनी वडिलांच्या आठवणी लिहिल्या असून त्या भारतातील आरंभीच्या महिला समालोचकांपैकी एक होत्या. नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार आणि राज्यांच्या युवा संघांसाठीचा करंडक नायडूंच्या नावाने दिला जातो.