माणसाचे मोल जाणणाऱ्या पंडिता रमाबाई

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले, तेव्हा पंडिता रमाबाई मी मागून घेतल्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई त्या वेगळ्या. ह्या केडगावच्या, मुक्ती मिशनच्या. त्या ख्रिस्ती झाल्या एवढे पुष्कळांना ठाऊक असते आणि बोलणे तिथेच थांबते. त्यांना त्या धर्मात नेमके काय सापडले हे विचारायचे राहून जाते. मी स्वतः ख्रिस्ती नाही, आणि कोणी धर्म बदलावा म्हणूनही हे लिहीत नाही. पण नवरा नाही, मूल नाही, पैसा नाही, अब्रूही राहिली नाही, अशा बाईची किंमत काय, हा प्रश्न ह्या बाईंनी जन्मभर पुढे धरला, आणि तो आपल्या हळदीकुंकवाच्या ताटापाशी अजून उभाच आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, चित्पावन ब्राह्मण. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले. बायकोला देवभाषा शिकवतो म्हणजे काय, म्हणून लोक उठले. शास्त्रीबुवांनी वाद घातला, शास्त्राधार काढून दाखवले, आणि शेवटी कर्नाटकात तुंगा-भद्रेच्या उगमाजवळ गंगामूळच्या रानात घर बांधून राहिले. तिथे रमाबाई जन्मल्या. सहा महिन्यांच्या असतील नसतील तोच ते घरही सोडावे लागले, आणि वेताच्या पेटाऱ्यात घालून, गड्याच्या डोक्यावरून त्यांचा पहिला प्रवास झाला. पुढे वर्षानुवर्षे हे कुटुंब तीर्थे फिरत, देवळात पुराण सांगत आणि मिळेल त्या दक्षिणेवर राहिले. वडील थकले होते, म्हणून रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईने. रानात नाहीतर धर्मशाळेत, पहाटे उठवून. हजारो श्लोक मुखोद्गत झाले. आईकडून शिकलेली विद्या अशी सहसा पुसली जात नाही.

मग दुष्काळ आला. जवळचे सगळे दानधर्मात आणि व्रतवैकल्यात गेलेले, आणि मजुरी करायची तर ती शिकलेलीच नव्हती. १८७४ साली वडील गेले आणि पाठोपाठ आई गेली. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, तिसरा खांदा भावाचा, श्रीनिवासशास्त्र्यांचा, आणि चौथा सोळा वर्षांच्या रमाबाईंचा. त्या ठेंगण्या. खांद्याला खांदा लागेना, म्हणून तिरडीचा आपला कोपरा त्यांनी डोक्यावर घेतला. थोरली बहीणही लवकरच गेली. उरलेली दोघे भावंडे उत्तरेकडे पायी चालत राहिली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, आत निजून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली आणि रात्र काढली. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. केडगावचे काम समजायला हे लक्षात ठेवावे लागते.

१८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात व्याख्यान देते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. त्यांनी परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. मानसन्मान पुष्कळ झाला. परंतु त्याच काळात धर्मग्रंथ स्वतः वाचताना रमाबाईंच्या मनात एक काटा रुतला. बाकी शंभर गोष्टींत मतभेद असले तरी स्त्री हीन, आणि शूद्राप्रमाणे तिलाही थेट मोक्ष नाही, ह्यावर सगळ्यांचे एकमत, असे त्यांना दिसले. आपल्याकडे संतांनी ह्याहून निराळे सांगितले आहे, आणि मुक्ताबाई-जनाबाईंच्या देशात हे सगळे खरे कसे मानावे, असे माझ्या मनात येते. पण रमाबाईंनी जे भोगले आणि वाचले त्यावरून त्यांनी आपले मत केले. ते नाकारण्याचा हक्क मला नाही.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते शूद्र गणल्या जाणाऱ्या जातीतले. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. वय तेवीस, कडेवर दहा महिन्यांची पोर.

त्या पुण्याला आल्या आणि १८८२ साली आर्य महिला समाज काढला. आपण आज जसे मंडळात जमतो तसे जमणे त्या काळी किती अवघड असेल! बाईने बाहेर बसायचे, तेही चार पुरुष पाहुणे असताना, म्हणजे आक्रीतच. त्याच वर्षी सरकारच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात असे ठासून सांगितले. आपण स्वतः डॉक्टरी शिकावी असे त्यांच्या मनात होते. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून, ते विकून आलेल्या पैशांतून १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन विलायतेला गेल्या. तिथे कान अधू झाल्यामुळे डॉक्टरीचा बेत सोडावा लागला.

विलायतेत वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या उतरल्या होत्या. त्या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक घर होते. वाटेला लागलेल्या बायका, ज्यांना कोणी दारात उभे करत नाही, त्यांना तिथे ठेवून घेत, सांभाळत, कामाला लावत. रमाबाईंनी ते पाहिले आणि त्या चकित झाल्या. आपल्याकडे अशा बाईवर दया करणे हेच पाप मानलेले. तुम्ही ह्यांच्यासाठी एवढे का करता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. उत्तर म्हणून तिने येशूची आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट आपल्या बायकांना लगेच समजेल अशी आहे, कारण ती पाणवठ्यावरची आहे. शोमरोनी लोक यहुद्यांना कमी वाटत, त्यांच्याशी ते व्यवहार ठेवत नसत. त्या समाजातली एक बाई भर दुपारी, एकटीच, विहिरीवर आली. पाच नवरे झालेली, आणि आता ज्याच्याकडे राहत होती तो नवराही नव्हे. अशी बाई पाणी भरायला कोणत्या वेळेला जाते हे आपल्याला सांगावे लागत नाही. येशू दमून तिथे बसला होता. त्याने तिच्याजवळ प्यायला पाणी मागितले. तिच्या घागरीतले! तीच दचकली. मग तो तिच्याशी देवाविषयी बोलत बसला. देवाची भक्ती ह्या डोंगरावर की त्या शहरात, असला थोर विषय त्याने ह्या बाईपाशी काढू दिला. तिचे मागचे सगळे त्याला ठाऊक होते आणि तरी त्याने तिला हिणवले नाही. पुढे घागर तिथेच टाकून ती गावात धावत गेली आणि तिच्या सांगण्यावरून लोक आले.

ख्रिस्ती धर्माचे म्हणणे थोडक्यात असे आहे, की देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा घडवला, पुरुषही आणि स्त्रीही. म्हणून माणसाची किंमत त्याने कमावलेली नसते. ती मुळातच त्याला दिलेली असते. वैधव्याने ती कमी होत नाही, आंधळेपणाने, उपासमारीने, जातीने कमी होत नाही, पापानेसुद्धा पुसली जात नाही. जे हरवले त्याला शोधायला देव स्वतः निघतो, आणि ज्याला तो सापडला त्याने तसेच दुसऱ्याला शोधत जावे, हेच जगण्याचे काम. रमाबाईंना ह्या विचाराने ओढले. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, की तेव्हा बुद्धीला पटले होते, मनाला शांती लाभायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली.

धर्म बदलला म्हणून त्यांनी आपली मान कोणाच्या हाती दिली नाही. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तर जी भाषा मला येत नाही ती मी का मिरवू, संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल. मांसाहार केला नाही, लुगडे सोडले नाही. धर्मगुरू सांगतात म्हणून एखादे मत डोळे मिटून घ्यायचे, हे त्यांना जमले नाही आणि त्यावरून मठातल्या भगिनींशी खूप पत्रापत्री झाली. जो धर्म मला माणूस म्हणतो त्यात मी पुन्हा मुकी होऊन कशी बसू, असा हा सगळा झगडा दिसतो.

१८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई गेल्या. अमेरिकेत व्याख्याने देऊन, पुस्तक लिहून त्यांनी लोकांना जागे केले. बोस्टनला त्यांच्या नावाची मंडळी स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्यांच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. सदनात ज्या मुलींना आपली सोवळ्याओवळ्याची रीत पाळायची त्यांना ती पाळू देत.

१८९३ साली मोठा गहजब झाला. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. केसरीने झोड उठवली. रानडे, भांडारकर ह्यांनी सल्लागारपद सोडले. पंचवीसएक मुली पालकांनी काढून नेल्या. पालकांचे भय मी समजू शकते. धर्माला हात लावणार नाही ह्या बोलीवर मुली पाठवल्या होत्या आणि आईबापांना विश्वासघात वाटला. रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर दार बंद करून देवाची प्रार्थना करायची म्हणजे त्याची लाज वाटल्यासारखे. दोन्हीकडे काहीतरी खरे होते. परंतु ज्यांनी मुली काढून नेल्या त्यांतल्या किती घरांत त्या विधवा पोरींना पुन्हा पाटीपुस्तक मिळाले असेल, हा विचार मला सोडत नाही.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या. हाडाचे सापळे झालेल्या पोरींकडे पाहून त्यांना स्वतःची सोळा वर्षांची मूर्ती आठवली असेल. दलाल अशाच पोरी उचलायला टपलेले होते. त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावला पूर्वी घेतलेल्या माळावर झोपड्या उभारल्या. १८९८ मध्ये तिथे 'मुक्ती' सदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी तेराशेवर आल्या आणि माणसांचा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. आपल्याकडे पन्नास पानांचा स्वयंपाक असला की चार दिवस आधी डोके उठते. तिथे रोज दोन वेळा दोन हजार पाने. विहिरी खणल्या, शेत केले, गाई ठेवल्या, माग बसवले, तेलघाणा चालवला. सगळे बायकांनी.

आलेल्या मुली कशा होत्या? खरजेने भरलेल्या, अन्न लपवून ठेवणाऱ्या, कोणी हात लावला तर चावणाऱ्या. रमाबाईंनी त्यांना आधी आंघोळ घातली, पेज दिली, आणि मग अक्षर आणि एकेक काम दिले. नुसते पोसून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. ज्याला देवाने घडवले त्याच्या हातून काहीतरी घडायचे असते, असा त्यांचा हिशेब. म्हाताऱ्यांना वेगळे घर होते. वाटेला लागलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' होते, म्हणजे फुलहॅमचे घर आता पुणे जिल्ह्यात आले होते. आंधळ्यांसाठी मनोरमा अमेरिकेतून बोटांनी वाचायची लिपी शिकून आली. आंधळ्या मुली वाचू लागल्या, आणि शिकलेल्या दुसऱ्यांना शिकवू लागल्या.

आणि मग छापखाना. मी सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरे कशीबशी लावते. रमाबाईंनी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक ह्या दोन भाषा हाती घेतल्या, त्या बायबल मुळातून मराठीत आणावे म्हणून. आधीचे भाषांतर पंडिती. खेड्यातल्या बाईला ते समजत नाही, अशी त्यांची तक्रार. स्वतः एवढ्या संस्कृत पंडिता, आणि धडपड चालली ती सोपे शब्द शोधण्याची! पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले. खिळे जुळवायला, छापायला आणि बांधायला मुक्तीतल्याच बायका होत्या. १९१३ साली नवा करार छापून झाला.

१९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंदचे सुवर्णपदक दिले. त्याची फार चर्चा मिशनात झाली असेल असे वाटत नाही. १९२१ मध्ये मनोरमा वारली. संस्था जिच्या हाती सोपवायची ती चाळीस वर्षांची मुलगीच गेली. आई मागे राहिली, कान गेलेले, शरीर थकलेले, पुढ्यात राहिलेल्या पानांची मुद्रिते. ती तपासण्याचे काम त्यांनी चालूच ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले.